बंगाल्याचं ताट

गुरुवार, ५ जानेवारी १९७८
गुरुवार म्हणजे इथल्या कंपन्यांची सुट्टी. सुमी घरी. दुपारी तिने एक जाड पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. बंगालीतून मराठीत केलेली कादंबरी, वाचनालयाचा शिक्का.
"आप्पा, भास्करने दिलंय. म्हणाला, मी कसा माणूस आहे ते आप्पांना यातून कळेल."
म्हणजे पोराने आपल्या चौकशीला माणूसही स्वतःच नेमला. तोही कागदावरचा. मुलाची चौकशी करायची तर शेजारी विचारतात, कंपनीत विचारतात, पानवाल्याला विचारतात. हा म्हणतो, कादंबरी वाचा.
मी सातवीची फायनल नापास. जन्म वॉचमन म्हणून गेटवर गेला, वर्तमानपत्रापलीकडे वाचन नाही. पण मुलगी एकच, तिला आई नाही. वाचणं भाग आहे. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधली आहे, ती कानामागे टोचते. तिथे गाठ आल्यासारखी वाटते. डॉक्टरला दाखवावी का.
भास्कर पर्मनंट झाला की लग्नाची सुपारी फोडू, असं मी कबूल केलेलं आहे. त्याआधी नाही.

रविवार, ८ जानेवारी
पान चाळीसपर्यंत. नायकाचं नाव इथे लिहीत नाही, तेवढी त्याची लायकी नाही. बंगाली म्हणतो.
तर हा बंगाली जमीनदाराचा मुलगा. कलकत्त्याला वकिलीचं शिकत होता, ते सोडलं. का, तर बापाच्या कचेरीत एका कुळाला मारताना पाहिलं. बरं, पाहिलं. मग मारणाऱ्याचा हात धर. ते नाही. रात्रभर गच्चीवर उभा राहून चांदण्यांकडे बघितलं आणि सकाळी घर सोडलं. कूळ राहिलं तिथेच.

बुधवार, ११ जानेवारी
आता बंगाली नदीकाठच्या गावात शाळा काढून बसला आहे. ज्यांच्या घरी राहतो त्या घरची मुलगी याच्यासाठी ताट वाढून बसते. हा येत नाही. ती ताट झाकते. माशा येतात म्हणून पंख्याने वारा घालते. हा उन्हं कलल्यावर येतो, एक घास घेतो आणि म्हणतो, देशात लाखो लोक उपाशी आहेत, मला अन्न गोड लागत नाही. उठला. ती रडते.
मग ते ताट कोण जेवलं? लेखक सांगत नाही. मी पान उलटून पुन्हा बघितलं.
असा माणूस माझ्या गेटवर आला असता तर डबा उघडायला लावला असता. डबा निघालाच नसता. हा जन्मभर दुसऱ्याच्या डब्यात जेवणारा, वर मिठाला नावं ठेवणारा.

शनिवार, १४ जानेवारी
संक्रांत. भास्कर तिळगूळ घेऊन आला. चिंचवडला कारखान्यात टर्नर आहे. उंच, हातांना तेलाचा वास. तीनदा नोकरीत घेतलं आणि तीनदा ब्रेक दिला. पर्मनंटचा हक्क लागायच्या आत काढायचं आणि पुन्हा नवा म्हणून घ्यायचं. कारखान्यांच्या सगळ्या पट्ट्यात हेच चाललं आहे. या वेळी मात्र फोरमनने शब्द दिला आहे म्हणे.
"वाचताय का आप्पा?"
"वाचतोय. तुझा बंगाली जेवतो कधी?"
तो हसला. "तुम्ही जेवणाचंच बघताय राव!"
"गेटवर आम्ही माणसाचा डबाच बघायचो. भाषण नाही."
सुमी आत चहा गाळत होती. तिचं हसू ऐकू आलं. कुणाला हसली कळलं नाही. रात्री तेच आठवत राहिलं.

गुरुवार, १९ जानेवारी
कागदावरच्या चौकशीवर भरवसा नाही, म्हणून एसटीने चाकणला गेलो. भास्करचा चुलता कांद्याच्या बाजारात हमाली करतो. आईबाप गेल्यावर पोराला त्यानेच वाढवला. गोणीवर बसून बोललो, तो मधूनमधून खोकत होता.
म्हणाला, "पोराला खोड न्हाई. बिडी न्हाई, काय न्हाई. पर इचार लई."
"म्हणजे कसा?"
"साळंत अस्ताना मास्तर एका पोराला उगाच छडी मारत व्हता. आमचा ह्यो उठला आन् आपला हात म्होरं केला. म्हनला, मला बी मारा. मास्तरानं मारलं की!"
"आणि मग त्या पोराला कमी बसल्या का?"
"न्हाई बा. त्याला व्हत्या तेवढ्या बसल्या. ह्याला फुकटच्या."
मी म्हटलं, बघा. हसला, पण डोळ्यांत पोराचं कौतुक होतं. दहा-बारा कांदे पिशवीत घालून दिले. परतताना एसटीत कांद्याचा उग्र वास, शेजारची बाई नाक मुरडत होती. बंगाली तो हाच, आता शंका नाही.

शुक्रवार, २७ जानेवारी
झालं. ज्याची भीती होती तेच झालं.
भास्करला पर्मनंटचं पत्र मिळालं. सही करून दिलं की संपलं. याने पत्र टेबलावर परत ठेवलं. म्हणाला, माझ्याबरोबर लागलेल्या सहाही जणांना करा, नाहीतर मला नको. सुमीने हे सांगितलं ते भाकरी थापता थापता, जसं काही बस चुकल्याचं सांगावं.
मी ओरडलो. ती म्हणाली, "आप्पा, बीपी."

मंगळवार, ३१ जानेवारी
कंपनीने सातही जणांना ब्रेक दिला. भास्करलाही.
छडी. मला बी मारा. त्या सहांना कमी बसल्या का?

शुक्रवार, १० फेब्रुवारी
पुस्तक संपवलं. शेवट असा: गावात पटकी येते, बंगाली रात्रंदिवस सेवा करतो, स्वतः आजारी पडतो, तीच मुलगी शुश्रूषा करून उठवते. उठल्यावर याने तिला काय म्हणावं? तू देवी आहेस. माझ्यासारख्याने तुला संसारात बांधणं पाप आहे. आणि नावेत बसून दुसऱ्या गावाला, तिथेही शाळा नाही म्हणून. ती घाटावर उभी. सूर्य बुडतो. संपलं.
देवी म्हटलं की हात झटकले. ताट घासायला देवी चालते, लग्न करायला चालत नाही.
संध्याकाळी भास्करला बोलावून तोंडावर विचारलं, "नावाड्याला भाडं कुणी दिलं?"
तो गोंधळला. "कुठल्या नावाड्याला?"
"शेवटच्या पानावरच्या. तुझ्या बंगाल्याच्या खिशात कधी काही होतं का? त्या मुलीने बांगडी मोडून शाळेला दिली, त्यातलंच उरलेलं असणार. तिच्याच बांगडीवर तिला सोडून गेला."
म्हणाला, "आप्पा, मी चार वेळा वाचलंय. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं."
मला वाटलं होतं वाद घालेल. ऐकून घेतलं की पुढे बोलता येत नाही. म्हटलं, "तूही जाशील असाच. कुठेतरी सहा जण भेटतीलच तुला."
"कुठे जाऊ? ते सहाही इथेच राहतात. रोज भेटतात."
हे काय उत्तर झालं. जाताना मात्र पुढच्या गुरुवारी जेवायला ये म्हणून मीच म्हणालो. का म्हणालो? माणूस ताटावर कळतो म्हणून. दुसरं कारण नाही.

गुरुवार, १६ फेब्रुवारी
लिहायचं नव्हतं, पण लिहितो.
भास्करला एक वाजता बोलावलं होतं. सुमीने पिठलं-भाकरी, चाकणच्या उरलेल्या कांद्याची चटणी. एक वाजला. दीड वाजला. तो त्या सहा जणांना घेऊन पुण्याला लेबर ऑफिसात गेलेला.
सुमी पाट घेऊन बसली. म्हटलं, "थांबू या थोडं."
"तुम्ही थांबा. मला भूक लागली." आणि जेवली. पोटभर. वर ताक प्यायली. हात धुऊन आत जाऊन आडवी झाली. उद्यापासून आठवडाभर तिची पहिली पाळी, पहाटे कंपनीची बस असते.
मी थांबलो. पाहुण्याला बोलावून आपण कसं जेवायचं. ताट वाढलेलं होतं, त्यावर दुसरं ताट झाकलं. तरी माशा. वर्तमानपत्राची घडी करून हलवत बसलो. दोन वाजले. अडीच. डोकं दुखायला लागलं. रस्त्यावर सायकल वाजली की उठून बघायचं, पुन्हा येऊन वारा घालायचा.
आणि एकदम लक्षात आलं की मी काय करतो आहे. पान नंबरसुद्धा आठवला. वर्तमानपत्र फेकून दिलं.
साडेतीनला आला. घामाघूम. मी काही बोलायच्या आत सुमीचा आवाज, आतूनच. "हात धू आणि घे. पिठलं गार झालंय. स्टोव्ह पेटवता येतो का?"
"येतो की," म्हणाला आणि असा पंप मारला की भडका छपराला. मी धावलो, चावी सोडली. स्टोव्ह पेटवता येत नाही आणि कंपनीला नमवायला निघाला आहे!
जेवायला मात्र बसला. तीन भाकरी. देशातल्या उपाशी लोकांचं नाव काढलं नाही. म्हणाला, "तुम्ही जेवला नाहीत आप्पा? अहो, का थांबलात?"
सुमी दारात येऊन उभी राहिली. "त्यांनी पुस्तक वाचलंय ना."
दोघं हसले. मी नाही हसलो. जेवलो. ताट त्यानेच घासलं, राख तशीच राहिली कडेला, मी पुन्हा विसळलं.

रविवार, १९ फेब्रुवारी
सुमीशी बोललो. म्हटलं, नोकरी नाही, पर्मनंटचं पत्र परत करतो, काय बघून देऊ?
ती आकुर्डीला रेडिओच्या कंपनीत कॉइल गुंडाळते. दिवाळीत पर्मनंट झाली. तेव्हा मीच पेढे वाटले होते.
म्हणाली, "आप्पा, दोघांतलं एक पर्मनंट आहे ना? झालं तर."
"नवरा टेंपररी आणि बायको पर्मनंट? चाळीतले काय म्हणतील?"
"म्हणतील ते. आणि तो पुस्तकातला मलाही नाही आवडत. ती तर त्याहून नाही. एकदा तरी आधी जेवून घ्यायचं होतं तिने."
दीड महिना मी त्या बंगाल्याची चौकशी करत बसलो. डोळे खराब झाले. ती दुसरी, ताट घेऊन बसलेली, तिच्या जागी मी मनात सुमीला बसवून काळजी करत होतो. सुमी तिथे नव्हतीच.
तरी पण. पत्र परत करणारा माणूस पुढेही परत करील. उद्या पोरंबाळं झाली की? तेव्हाही मला बी मारा? हे सुमीला कळत नाही, का कळूनही...

गुरुवार, २३ फेब्रुवारी
सकाळ. आज चुलता चाकणहून येणार, भास्करला घेऊन. मी निरोप दिला नव्हता, सुमीने दिला. सुपारी तिनेच आणून खिडकीत ठेवली आहे. मी हो म्हटलेलं नाही. नाही असंही म्हटलेलं नाही.
गेटवर नियम होता, पास नसेल तर आत सोडायचं नाही. साहेबाचा मेव्हणा असला तरी. एकदा एकाला भर उन्हात उभा केला होता, तो नंतर मॅनेजर झाला. मी डगमगलो नाही. भास्करकडे पास नाही. ब्रेक अजून चालू आहे. नियमाने बघितलं तर त्याने बाहेरच...
पुस्तक परत द्यायचं आहे, ते सुपारीशेजारीच ठेवलं. काल ताटाचं पान पुन्हा काढून बघितलं. कोण जेवलं ते अजूनही दिलेलं नाही.
सुमीने पोहे केलेत. पाहुण्यांसाठी म्हणून केले आणि स्वतः बशी घेऊन आधीच खायला बसली. मी म्हटलं, अगं, लोक यायचेत. म्हणाली, येतील तेव्हा देऊ.
कडी वाजते आहे. चुलत्याचा खोकला, ओळखला.
"आप्पा, दार तुम्ही उघडा. माझा हात उष्टा आहे."