गल्लीतील गतिरोधाबाबत

गुरुवार, १२ फेब्रुवारी

ती. मामा,

नमस्कार वाकूनच करते आहे (टेबलावर वाकल्याशिवाय मला लिहिता येत नाही). पाच महिने पत्र पाठवलं नाही, त्याबद्दल क्षमा करा. कामाचं कारण दिलं असतं. पण छापखान्यात मुद्रितं तपासण्याचं माझं काम गेली अठरा वर्षं तेवढंच आहे, तेव्हा ते खोटं ठरेल. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? थेंब आपणहून घालता, की मामी मागे लागल्यावरच?

तुमचा उभा जन्म रस्त्यांचे आराखडे काढण्यात गेला, म्हणून तुम्हालाच विचारते: वाहन हळू होतं ते नेमकं कशाने? प्रश्न बाबांमुळे पडला. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांना आमची गल्ली ओलांडायला बावीस सेकंद लागतात (मी मोजले, त्यांना आवडलं नाही). समोर शिंपीकाकांचं दुकान आहे. सकाळी दहाला तिथे जाऊन दोघांनी मिळून शब्दकोडं सोडवायचं, हे निवृत्तीनंतरचं बाबांचं ऑफिस. पण गाड्या अशा सुटतात की बावीस सेकंदांची फट मिळेपर्यंत जेवायची वेळ व्हायची. हळूहळू त्यांनी जाणंच सोडलं.

एके दिवशी शिंपीकाकांनी ओटा धुवायला काढला आणि त्यावरच्या अकरा कुंड्या रस्त्याच्या कडेला आणून मांडल्या. त्या सकाळी गाड्या आपोआप दबकत गेल्या! मी सेकंद-काट्याचं घड्याळ घेऊन गॅलरीत बसले. विजेच्या दोन खांबांमधलं अंतर एरवी चार सेकंदांत संपायचं. कुंड्या असताना सात लागले. मग मला नादच लागला. काकांना विचारून कुंड्या तिथेच ठेवल्या. 'हळू चालवा' अशी पाटी लावून पाहिली: काही फरक नाही (लोक तीही भरधाव वाचतात). कुंड्या एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशा मांडल्या, की सरळ रस्ता नागमोडी झाला: आठ सेकंद. काकांचा मोडका बाक जोडीला दिला: साडेआठ. कडेला खुर्ची टाकून बाबांना बसवलं: नऊ. बाबांच्या हातात वही-पेन्सिल दिली: अकरा, आणि एक टेम्पोवाला उतरून विचारता झाला, "साहेब, कागदपत्रं दाखवू?" बाबा म्हणाले, "आज राहू द्या." (ही फसवणूक झाली का, यावर मी डायरीत दीड पान लिहिलं आहे. निकाल लागलेला नाही.)

मला वाटतं, रुंद, मोकळा रस्ता स्वतःच गाडीला 'पळ' म्हणत असतो. त्याला जरा अडखळायला लावलं की चालवणाऱ्याला आजूबाजूची माणसं दिसू लागतात. हे बरोबर आहे का, की मला हवं तेच मी मोजलं? काही असो, तीन आठवडे बाबा एकटे जात-येत होते. एकदा तर काठी तिकडेच विसरून आले. मी ओरडले, आणि आत जाऊन जरा रडले.

इथे थांबायला हवं होतं. पण अकरा कुंड्यांनी सार्वजनिक रस्ता अडवणं मला टोचत होतं. हे सगळं रीतसर, पक्कं व्हावं म्हणून मी नगरपालिकेला अर्ज केला. दोन पानं, सेकंदांचा तक्ता आणि प्रत्येक कुंडी दाखवणारा नकाशा. विषय लिहायचा होता 'गल्लीतील गतिरोधकाबाबत'. लिहिला गेला 'गतिरोधाबाबत', म्हणजे अडथळ्याबाबत. इतरांचे काने-मात्रे पकडून पोट भरणारी मी, आणि स्वतःच्या अर्जात एक अख्खा 'क' खाल्ला! दोन पानं कोणी वाचली नाहीत. विषय वाचला, नकाशा घेतला, आणि चौथ्या दिवशी (इतकं तत्पर काम या गल्लीने पाहिलेलं नाही) ट्रक आला.

कुंड्या गेल्या, बाक गेला. बाबा पाणी प्यायला आत आले होते तेवढ्यात खुर्चीही गेली. शिवाय रस्ता सपाट करून दिला. मुकादम मला म्हणाला, "बाई, असे अर्ज यायला हवेत. एरवी आम्ही अडथळे शोधत हिंडतो, तुम्ही खुणा करून दिल्यात." मग फॉर्म पुढे केला: काम अर्जानुसार झाले आहे का? मी पुष्कळ विचार केला. विषयाच्या ओळीनुसार झालं होतं. 'होय' लिहून सही केली.

आता तेच अंतर तीन सेकंदांत संपतं. बाबा या बाजूला खिडकीत, शिंपीकाका त्या बाजूला दारात, आणि कोडं ओरडून चालतं. "आडवा सात! चार अक्षरी! सुरुवात 'वि'ने!" "काय? 'ती'ने?" "अहो, 'वि'! विहिरीतला वि!" मध्ये ट्रक जातो. काल दहा मिनिटांत एक शब्द जमला, तोही चुकीचा. आज बाबांनी खिडकी लावून घेतली. म्हणाले, घसा बसला.

मी नवा अर्ज लिहिते आहे. बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. रस्ता दोन्ही कडांनी मध्येच अरुंद करायचा आणि तिथेच पायी ओलांडायची जागा थोडी उंच करायची, असा एक आराखडा काढून द्याल का? विषयाची ओळही तुम्हीच लिहा.

दुसरा ता. क. खरं तर पत्र यासाठी लिहिलं. ट्रक गेल्यावर शिंपीकाका रिकाम्या ओट्यावर उभे राहून विचारत होते, "कुठल्या मेल्याने तक्रार केली?" बाबा खिडकीतून म्हणाले, "आमच्या मेहुण्याचं काम! मागे आला होता तेव्हा टेप घेऊन गल्ली मोजत होता. सरळ रस्त्याचं वेड आहे त्याला." बाबा नेहमीसारखी तुमची थट्टा करत होते, पण काकांना ते पटलं. मी तिथेच उभी होते. काल काकांनी माझ्याकडून तुमचा पत्ता घेतला; मी दिला, पिनकोडसकट. त्यांनी तुम्हाला लिहिलेलं पत्र तपासून मागितलं, तेही दिलं. 'कृतघ्न' त्यांनी बरोबर लिहिला होता. त्यांचं निळं पाकीट आलं तर कृपा करून उघडू नका.

डायरीत उद्याच्या पानावर लिहून ठेवलं आहे: दहाच्या आत समोर जाऊन शिंपीकाकांना सांगणे, अर्ज माझा होता.