डोक्यावरचा टावर

४ मे, रविवार

रात्रभर डोळा लागला नाय. डोक्यावर टावर हाय ना! काल माज्या नवऱ्यानी, दिपेशनी, गच्चीवर उभा केला, आन त्याच्या बरोबर खाली आमची खोली. वारा आला की वर लोखंड कुरकुरतं — कोनी झोपेत दात खावेत तसं. गीतूला उचलून दरवाज्याजवळ झोपवली. साडेचार वर्षांचं पोर, उशी कवटाळून लोळली. मी बसून राहिली छताकडे बघत. दिपेश घोरत होता. स्वतःच्या हातचं काम, त्याला कसली भीती!

कोनाला बोलायची सोय नाय म्हनून लिहिते. सुचिताची — माज्या ननंदेची — कॉलेजची वही हाय, मागची पानं कोरी होती. सहावीपर्यंत शिकलेय. चुकलं तर चुकलं, कोन बघतंय.

सगळं टीव्हीपायी. शेजारी सुभाषशेटनी, म्हंजे दिपेशच्या चुलत भावानी, घरावर सहा मजले चढवले. आमची डिशची छत्री गच्चीच्या कठड्याला होती, तिच्यासमोर भिंत आली. नो सिग्नल! गावात सगळ्यांकडे केबल हाय, पन ती केबल सुभाषशेटचीच. आन सिडकोनी जमिनीच्या बदल्यात दिलेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरून दोन घरांत बोलनं बंद. आई, म्हंजे माजी सासू, बोलल्या, "त्याची वायर माज्या घरात? माजं मढं बाहेर गेलं की आना."

मग काय. दिपेश महाप्याच्या वर्कशॉपात वेल्डिंग करतो. तिथलं भंगारातलं अँगल टेम्पोत घालून आनलं. तीन तुकडे. स्लॅबला ड्रिल मारून बोल्ट ठोकले, तुकड्यावर तुकडा चढवला, पडू नये म्हनून चारी बाजूंनी लोखंडी तारा ओढून बांधल्या. वर छत्री. स्वतः चढला — चप्पल घालून! पट्टा नाय, दोरी नाय. खाली मी गीतूला धरून उभी, वर बघवत नव्हतं.

तो वरून ओरडतो, "आलं का?"

घरातून सुचिता — "आलं! गेलं! दादा, आलं! थोडं पनवेलकडे फिरव! गेलं!"

बोलनं बंद हाय पन टोमने चालू हायेत. सुभाषशेट खिडकीतून बोलला, "काय रे दिप्या, विमान उतरवतो काय गच्चीवर?"

दिपेश वरून बोलला, "तुज्या टाकीच्या वर गेलो बघ! आता तू बघ मान वर करून!"

खाली सगळे हसले. मी पन हसली. खोटं कशाला बोलू.

५ मे

संध्याकाळी वारा सुटला तर चित्र अडकलं. आईंच्या सिरियलमधली सासू तोंड उघडं टाकून तशीच राहिली. आई बोलल्या, "हिला झालं काय?" एवढा टावर, आन वाऱ्याला घाबरतो.

७ मे

काल वादळी पाऊस झाला. मी म्हटलं आज टावर खाली येतो. नाय आला. दिपेश छाती फुगवून — "बोलली होतीस ना पडेल? पड बोल त्याला."

सकाळी न्हानीत नळाला हात लावला तर कोपरापर्यंत मुंग्या आल्या. हातावर झोपली असेन.

८ मे

हातावर झोपली नव्हती. आज पन आल्या. दोन वेळा.

आईंना सांगितलं. "तुजा उपास होता ना काल, सोसत नाय तर कशाला करते?" सुचिताला सांगितलं. ती मोबाईलवर ब्लाऊजचे गळे बघत होती. सोळाला तिची हळद, सतराला लग्न. "वहिनी, टेन्शन घेऊ नको, थकलीस तू."

दुपारी गीतूनी ओल्या हातानी नळ सोडला आन हात झटकून मागे आली. बोलते कशी —

"मम्मी, पानी चावतं."

मला भास होईल, पोरीला कसा होईल!

९ मे, शुक्रवार

आज सगळं कळलं.

दिपेश कामावरून आला. त्याला बोलली, नळाला करंट हाय. हसला. "नळाला कुठनं करंट येनार? तू पन ना!" मला खोटं पाडायला गेला आन घराचा मेन बंद केला. पंखा थांबला, फ्रिज थांबला. बोलला, "आता? आता लाव हात."

मी लावला. चावला.

"दिपेश, हाय!"

"नाटक करू नको." त्यानी स्वतः ओला हात लावला. मी त्याचं तोंड बघत होती. हसू तसंच राहिलं तोंडावर, पन मागनं सगळा रंग गेला. हात काढला आन वर बघितलं. नळाकडे नाय — छताकडे.

मला पन तेव्हाच समजलं. आकडा!

आमचा एसी आन पान्याचा पंप आकड्यावर हाय. गल्लीतल्या खांबाच्या लायनीवर टाकलाय, त्याची वायर गच्चीवरनं येते. मीटरमधनं जात नाय, म्हनून मेन बंद केला काय, चालू ठेवला काय, ती जित्तीच. टावरची एक तार त्या वायरला घासतेय. वाऱ्यानी टावर हलतो, तार हलते, वायर सोलली गेली. तारेतनं टावरला, टावरमधनं टाकीच्या पाइपाला, पाइपातनं नळाला. गीतूच्या आंघोळीला!

मी बोलली, दादाला फोन करते. माजा भाऊ धनेश, कामोठ्याला लायनमन हाय. दुसऱ्यांच्या घरी जातो रात्री-अपरात्री, बहिनीच्या घरी येनार नाय?

दिपेशनी हातातनं मोबाईल काढून घेतला. ओरडला नाय. हळू बोलला, तेच वाईट. "तुजा भाऊ आला की पहिला आकडा बघनार. कळवलं तर आपल्यावर केस, नाय कळवलं तर त्याची नोकरी. सुचीच्या लग्नाच्या तोंडावर? पोराकडची मानसं काय बोलतील — चोराच्या घरची पोरगी?"

"आन गीतू?"

"मी बघतो ना."

सायकलची ट्यूब कापून, बांबूनी ढकलून, तार आन वायरच्या मधे घातली. खाली आला. "लाव हात." लावला. काय नाय. पुन्हा लावला. काय नाय.

"बघ. झालं." मोबाईल मात्र परत दिला नाय. "लग्न झालं की देतो."

११ मे

दोन रात्री झोपली. आज सगळ्या बाया जमल्या, पापड लाटले, गानी बोलल्या. मला वाटलं, मीच भित्री. दिपेशनी केलं ना नीट.

तरी नळाला रोज पहिला हात मी लावते. गीतूच्या आधी.

१४ मे

मांडववाले आले. गच्चीवर बांबू रचतायत. हळद गच्चीवरच, डीजे खाली गल्लीत. डेकोरेशनवाला टावर बघून खूश — "शेट, याला खालपासून वरपर्यंत लायटिंग मारतो, वाशीवरनं दिसेल!" दिपेश पन खूश. सुभाषशेटच्या टाकीच्या वर लायटिंग!

मी मधे बोलली, टावरला हात लावू नका कोनी. मांडववाले हसले. "ताई, पडत नाय हो, मजबूत हाय." पडायचं कोन बोलतंय! पन करंटचं बोलू कशी? दिपेश माज्याकडे बघत होता.

त्यांनी तारांना बांबू टेकवलेत. ट्यूब जागेवर हाय की सरकली, खालनं दिसत नाय.

१५ मे, गुरुवार

गीतू उडाली.

लिहिते खरं, पन डोळ्यासमोरनं जात नाय. दुपारी पाहुन्यांची पोरं गच्चीवर पान्याच्या टपात खेळत होती. मी कपडे घ्यायला चढली. शेवटच्या पायरीवरनं बघितलं — गीतूनी ओल्या हातानी ती तार धरली. आवाज नाय, किंचाळली नाय. नुसती मागे फेकली गेली. कोनी लाथ मारावी तशी! मांडवाच्या कापडांच्या ढिगावर पडली म्हनून वाचली. ओठ पांढरे. मी उचलली तर अंग लाकडासारखं, आन मग एकदम रडली. ती रडली तेव्हा माजा श्वास सुटला.

दोन बोटं भाजलीत. सगळ्या पोरांना खाली हाकललं, जिन्यात खाट आडवी टाकली.

डॉक्टरनी विचारलं, कशानी भाजलं. मी तोंड उघडायच्या आत आई बोलल्या, "तव्याला लागलं." डॉक्टरनी माज्याकडे बघितलं.

मी गप बसली. मी! आई हाय मी तिची.

घरी आली तर दिपेश जिन्यात बसलेला. गीतूचा हात हातात घेतला, फुंकर मारत राहिला, मारत राहिला. बोलला, "हळद होऊ दे, परवा सकाळी काढतो सगळं. टावर पन काढतो. आईशप्पथ."

"आन उद्या? पन्नास पोरं चढनार गच्चीवर!"

आई मधे पडल्या, "मांडव गच्चीवर बांधलाय, आता हळद रस्त्यात लावायची काय? तू आल्यापासनं प्रत्येक गोष्टीत आडवी."

मी खाली गेली. खालच्या खोलीत उझमा राहते, भाडेकरू, महाडकडची. तिचा फोन घेतला. दादाचा नंबर तोंडपाठ हाय, लग्नाच्या आधीपासनं एकच हाय. तीन वेळा लागला नाय. खांबावर असला की उचलत नाय. उझमा बोलली, "लाव परत, घाई काय, माजा बॅलन्स भरपूर हाय."

चौथ्यांदा उचलला. मी सगळं सांगितलं. आकडा पन. दादा बोलला, "पोर बरी हाय ना? नक्की? … नमे, आधी फोन का नाय केलास गं?"

मोबाईल दिपेशनी काढून घेतलाय, एवढंच बोलली.

"ऐक. त्या वायरला कोनी हात लावायचा नाय. दिपेशनी तर नायच. रबरी चप्पल घातली, काठी घेतली, काय चालत नाय. वरनं लाइन बंद केल्याशिवाय आकडा काढायचा नाय. उद्या ड्युटी सुटली की मी येतो, संध्याकाळी. हळदीच्या आधी. तोवर गच्चीला कुलूप."

"आन तुजी नोकरी?"

"माज्या नोकरीचं मी बघीन. तू पोरीला बघ."

उझमाला फोन परत देताना मी रडली. ती पन रडली, तिला सगळं कळलं पन नव्हतं.

१६ मे, शुक्रवार, सकाळ

रात्रीच गच्चीला कुलूप लावलं, चावी माज्याकडे. दिपेशला सांगितलं. सांगू की नको करत होती. पन दादानी बजावलं होतं ना, दिपेशनी हात लावायचा नाय म्हनून — सांगावंच लागलं.

मला वाटलं होतं आज मारनार. नाय मारलं. दाढी करत होता, आरशातनं बघत बोलला, "किती वाजता येनार?"

"संध्याकाळी."

"सगळं सांगितलंस?"

"सगळं."

"हं." तोंड धुतलं. माजा मोबाईल खिशातनं काढून टेबलावर ठेवला, चार्जिंग पार गेलेलं. बोलला, "तुजा भाऊ काय बोलला — मी चोर हाय?"

"असं नाय बोलला. हात लावू नको बोलला."

"ठीक हाय." गीतूच्या बोटांची पट्टी बघितली आन पाहुन्यांचं चहापानी बघायला गेला.

खरंच मारलं असतं तर बरं वाटलं असतं. पन संध्याकाळी दादा येतोय. मला वाटतं सात दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागलीय.

१६ मे, दुपार

उझमा, नायतर जो कोन वाचेल तो. सगळे खाली गल्लीत, डीजे चालू केलाय, माजा आवाज खाली जात नाय. गीतूच्या हातात वही देऊन तिला खाली तुज्याकडे पाठवते.

दादा यायच्या आत आकडा काढायला दिपेश वर गेला. दादाच्या नजरेला आकडा पडू नये म्हनून. कुलूप तोडून गेला. टावरच्या बुडाशी पडलाय. हात अजून वायरवर हाय. हाका मारल्या, ओ देत नाय. मी मेन बंद केला, काय उपयोग नाय. मांडवाचा सुका बांबू घेऊन जाते, हात सोडवते. काठी चालत नाय बोलला होता दादा, पन मी काय करू.

आमाला कोनी हात लावू नका. मला पन नाय. आईंना वर सोडू नका. गीतूला तुज्याकडेच ठेव.

माजा मोबाईल बंदच हाय, माज्या भावाला तू फोन कर. कालचा नंबर तुज्या फोनमधे हाय. उचलला नाय तर परत कर, उचलेपर्यंत कर. सांग — आधी लाइन बंद कर, मग ये.