चार नंबरची हिरवी पट्टी

स्मृति नगर, भिलाई
मंगळवार

प्रिय दादा,

करिष्माने तुझा फोटो पाठवला. नागपूरच्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसला आहेस, खांद्यावर मी दिलेली शाल, हातात फोन. लेक फोटो काढते आहे तरी नजर फोनमधून वर आलेली नाही. ऑपरेशननंतर चेहरा उतरला असेल असं वाटलं होतं, पण बरा दिसतोस. जेवणात मीठ कमी आहे म्हणून कुरकुर करतोस असं ती सांगत होती. कर. कुरकुर करणारा माणूस सुधारतो आहे असं मी समजते.

इकडे ऊन तापायला लागलं आहे. माठ काढला. फोनवर आपलं बोलणं म्हणजे तू विचारायचं आणि मी उत्तरं द्यायची, म्हणून हे लिहायला बसले. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही.

मागे तू मला विचारलं होतंस, निवृत्त झाल्यावर घरी बसायचं सोडून लोकांच्या कारखान्यांत जाऊन तू नेमकं करतेस काय? मी हसण्यावारी नेलं होतं. आता सांगते. छोट्या कारखान्यांनी मशीनवर सेन्सर लावले, कॉम्प्युटर आणले, भिंतीवर पडदे टांगले. त्यातलं किती खरोखर कामाचं आहे आणि किती नुसतं पाहुण्यांना दाखवायचं, ते आम्ही बघतो. त्याप्रमाणे एक पायरी ठरवतो, शून्यापासून पाचपर्यंत. मग पुढची एकच पायरी कशी चढायची ते सांगतो. बहुतेक मालकांना एकदम गच्चीवर जायचं असतं. अहिवाऱ्याकडे एका चुनखडी दळणाऱ्या माणसाने महागडे सेन्सर घेतले आणि कपाटात कुलूप लावून ठेवले. का, तर धूळ बसेल! मला राग आला नाही. आईने आपला पहिला टीव्ही असाच चादर घालून ठेवला होता.

मी सगळीकडे एक प्रश्न विचारते. या पडद्यावर बघून गेल्या आठवड्यात तुम्ही काय बदललंत? प्रश्न माझा नाही, शाळेतल्या सिस्टर फिलोमिनांचा. धडा वाचून झाला की त्या विचारायच्या, आता घरी जाऊन काय वेगळं करशील? तू मला सायकलवर डबलसीट शाळेत सोडायचास आणि फाटकातून आत यायचा नाहीस, सिस्टर इंग्रजीत काही विचारतील म्हणून. एकदा त्यांनी तुला गाठलंच. तू नुसता ‘येस सिस्टर, येस सिस्टर’ म्हणत राहिलास आणि त्यांनी तुला शाळेच्या जत्रेत खुर्च्या मांडायला बोलावून घेतलं. तू मुकाट्याने मांडल्यास. मला अजून हसू येतं.

गेल्या आठवड्यात आपल्या रुक्मा इंजिनिअरिंगची पाळी होती. नात्यातल्या कारखान्याची पायरी मी ठरवू शकत नाही, तसा नियम आहे. ते काम आमच्यातलाच रायपूरचा पराग करणार होता. मी नुसती बरोबर गेले, खरं म्हणजे आईच्या नावाची पाटी बघायला. तुझ्या प्रेमानंदने तिला नवा रंग दिला आहे. तपासणीच्या टेबलावर भागीरथाबाई होत्या, लोखंडी बुश मोजत. मला बघून म्हणाल्या, “आल्या का ताई नंबर द्यायले? पास करजा आमाले, नाही तं भय्याजी नागपुरातून धावत येईल.” सगळे हसले. तुला तिथे अजून भय्याजीच म्हणतात. प्रेमला कोणी साहेबसुद्धा म्हणत नाही, ‘पोट्टा’ म्हणतात, तोही आता पन्नाशीला टेकला तरी.

पराग शांत मुलगा आहे, कमी बोलतो. त्याने पडद्यावर सगळ्या मशीन बघितल्या. चालू असेल तर हिरवी पट्टी, बंद असेल तर लाल. चार नंबरची ती कॉम्प्युटरवर चालणारी सीएनसी मशीन सकाळी पाळी सुरू झाल्यापासून संध्याकाळपर्यंत हिरवी. रोज. सगळ्यांत जास्त चाललेली तीच. मग त्याने तिच्या विजेचा आलेख काढला. लोखंड कापताना मशीन जास्त वीज ओढतं, रिकामं फिरताना कमी. चार नंबरची रेघ शांत तळ्यासारखी सपाट होती. “मैडम,” तो माझ्याकडे वळून म्हणाला, “ये चल तो रही है, पर कर क्या रही है?” मी काही बोलायच्या आत भागीरथाबाईंनी मान वर न करता सांगितलं, “हवा कापून राहिली ना बाप्पा. माल लागत नाही, टूल झिजत नाही, बढिया चालते.”

प्रेम मला बाहेर घेऊन गेला, जिथे लोखंडाचा बुरादा, म्हणजे कीस, पोत्यांत भरून ठेवतात तिथे. एका पोत्याचं तोंड बांधत, सोडत बोलू लागला. जुन्या कामातलं निम्मं काम वर्षभरात आटलं आहे. कोणी फसवलं नाही, भांडण नाही, ज्या सुट्या भागांची गरज होती ती आता तशी राहिली नाही, एवढंच. चार नंबरला तर कामच नाही. आणि रोज सकाळी त्याच पट्ट्या नागपुरात तुझ्या फोनवर बघून तुझा फोन. “चार नंबर कावून बंद हाय रे? पोट्टे चाय पिऊन राहिले का?” आधी त्याने सांगितलं टूल बदलतो आहे. मग सांगितलं बेल्ट तुटला, मग इलेक्ट्रिशियन आला नाही. सबबी संपल्या. तेव्हा एका सकाळी त्याने कापायचा जॉब न लावताच मशीन चालू केली. “आत्या, त्या दिवशी बाबांचा फोनच नाही आला. मले लई बरं वाटलं. अन् संध्याकाळी लई वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू केली.”

मी त्याला म्हटलं, अरे, सांगायचं. तो म्हणाला, “डॉक्टरनं ताण द्यायचा नाही सांगितलं. लाल पट्टी पाहून बाबाले काही झालं तं मी कोणाले तोंड दाखवू?” तो पडदा, ते सेन्सर, सगळं त्याने तू नागपूरला गेल्यावर बसवलं, तुला घरबसल्या कारखाना दिसावा म्हणून. परागने माझा नेहमीचा प्रश्न त्याला विचारला होता, इथे बघून तुम्ही काय बदललंत? प्रेमने जे बदललं होतं ते सांगण्यासारखं नव्हतं.

दादा, मला तुझी शेड उघडली तो दिवस आठवला. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली, आईने खीर वाटली. पाहुणे लेथभोवती उभे राहिले आणि तुझ्याकडे एकही ऑर्डर नव्हती. तू चेहऱ्यावर काही न दाखवता पट्टा चढवलास आणि लेथ रिकामाच फिरवलास. आपले बाबा पोलाद कारखान्यातल्या कोक ओव्हनच्या भट्टीवरची ड्युटी करून तसेच आले होते, लाल डोळ्यांनी ते फिरणं बघत राहिले. कोणी विचारलं नाही यात काय बनतंय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा हे प्रेमने कोणाकडून उचललं ते मला शोधायला नको, आणि त्याच्यावर चिडायलाही मला जमलं नाही. तुलाही जमू नये असं वाटतं.

पण पराग पाहुणा नाही. त्याने सरळ सांगितलं की चार नंबर खोटी म्हणजे बाकीच्यांवरही विश्वास ठेवता येत नाही, आज पायरी देता येणार नाही. रागावला नाही. महिनाभर जे आहे तेच दिसू दे, लाल तर लाल, मी पुन्हा येतो म्हणाला. तो महिना महत्त्वाचा आहे. रायपूरकडे रेल्वेचे डबे बनवणारी एक कंपनी चार नंबरला पुरेल एवढं पिनांचं काम द्यायला तयार आहे. त्यांची अट एकच, मशीन चालू आहे की बंद ते त्यांना त्यांच्या ऑफिसात बसून खरं दिसलं पाहिजे. मोकळी मशीन दिसली तर त्यांना चालते, उलट बरंच, काम घ्यायला जागा आहे असं कळतं. खोटं दिसलेलं चालत नाही. ते काम आलं नाही तर प्रेम मागची अर्धी शेड बंद करणार आहे. मागच्या अर्ध्या शेडमध्ये भागीरथाबाईंचं टेबल आहे. आणि स्वतः तो रायपूरला कुठेतरी नोकरी धरेल. हे त्याने मला अगदी सहज सांगितलं, जणू रेशन आणायला जातो आहे.

तेव्हा आता, कशासाठी लिहिलं ते. येत्या सोमवारपासून चार नंबर बंद राहील आणि तुझ्या फोनवर लाल दिसेल. ती लाल पट्टी म्हणजे मुलं चहा पीत आहेत असं नाही, काम नाही एवढंच. हे तुला आधी कळावं म्हणून मी प्रेमची परवानगी घेऊन सांगते आहे. तो म्हणाला, “तुमीच लिहा आत्या, मी सांगितलं तं बाबा गाडीत बसून येतील.” येऊ नको. करिष्मालाही मी हे सगळं सांगितलं आहे. गोळ्या वेळेवर घे. दुसरं म्हणजे, ती सगळी व्यवस्था बसवताना प्रेमने मालक म्हणून तुझं नाव आणि तुझा नंबर घातला होता, मानाने. कंपनीला दाखवायची परवानगी मालकाकडूनच जाते, आणि इथे बसून रोजचे निर्णय घ्यायचे तर ती जागा आता त्याच्या नावावर हवी. तुला सगळं पूर्वीसारखंच दिसत राहील, फक्त नावं खालीवर होतील. हे तुझ्याकडे मागायला त्याची जीभ रेटत नाही, म्हणून मी मागते. सोमवारी सकाळी तुझ्या फोनवर एक ओटीपी येईल आणि लगेच प्रेमचा फोन येईल. या वेळी फोन त्याचा असेल. तो आकडा थोडाच वेळ चालतो, तेव्हा आधी तो सांगून टाक. आणि मग लगेच फोन ठेवू नको.

तुझीच,
सुजाता