नव्या बोटींचं स्वयंपाकघर

वांचाय, हाँगकाँग
१२ नोव्हेंबर १९८४

चि. पाक-हो,

तुझा खोकला उतरला हे वाचून बरं वाटलं. माझे गुडघे त्यांच्या मर्जीने चालतात. खालच्या बदकवाल्याने भाव वाढवला आणि बदक लहान केलं.

नव्या गस्ती बोटी बंदरात लागल्यात. पाहून आले. चकचकीत आहेत, असणारच. चार भागांतले तीन भाग पैसे आपल्या वसाहतीचे, आणि कपबशासुद्धा ठरवणार लंडनहून आलेले. अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या टेबलाला लाकूड कोणतं, यावर बोटींचा आराखडा ठरवणाऱ्या समितीने अख्खी दुपार घालवली होती. मी टिपणं घेत बसले होते. शिसारी आली.

तुझ्या पेन्शनच्या अर्जाचा मसुदा वाचला. लिहितोस, "ताई, तुझं इंग्रजी मडमांच्या तोंडात मारेल असं. त्या हॅदरलीने चिनी खलाशांचं वेगळं स्वयंपाकघर कापलं आणि माझी आचाऱ्याची नोकरी घालवली, हे ठासून लिही." एकोणीस वर्षं सात महिने चाकरी, आणि वीस भरली नाहीत म्हणून पेन्शन नाही. थुंकावंसं वाटतं.

लंडनहून आलेल्या त्या समितीवाल्यांतला हॅदरली शिष्ट आहे, ढोंगी आहे. पण पाक-हो, त्याने विचारलं होतं.

त्या दुपारी बोटींच्या आराखड्यावर पेन्सिल टेकवून तो म्हणाला, "दोन स्वयंपाकघरं म्हणजे फार जागा जाते. मिस त्से, तुमच्या माणसांना वेगळं लागतंच का?" सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा त्या टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तुझ्या जुन्या बोटीवर घरच्यांना बोलावलं होतं, तो दिवस आठवतो? मी पांढरे हातमोजे घालून आले होते. तू तोफेच्या नळीवर खारे मासे वाळत घातले होतेस आणि सगळ्यांदेखत ओरडलास, "ताई, या तोफेचा एवढा उपयोग आजवर कुणी केलाय का?" खलाशी पोट धरून हसले. मी मेल्याहून मेले. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला काट्याच्या पाठीवर वाटाणे उचलून खायला शिकवलं होतं ना!

त्या समितीसमोर मला तेच मासे दिसले. मी म्हटलं, "नाही, सर. ते काहीही खातात. बटाटेसुद्धा."

हॅदरली म्हणाला, "छान, प्रश्न मिटला." संध्याकाळी मीच टंकलं: स्थानिक मत घेण्यात आले. कुणाचं, ते लिहिलं नाही. एका खलाशालाही कुणी विचारलं नव्हतं. तुझी नोकरी गेली तेव्हा तू माझ्याच घरी जेवायला बसून हॅदरलीला शिव्या दिल्यास. मी तुला आणखी भात वाढला.

त्या लोकांची मला घृणा वाटते, हे खरं. पण बटाट्याचा शब्द त्यांच्या तोंडचा नव्हता.

अर्ज नव्याने लिहिलाय, सोबत आहे. सगळा दोष हॅदरलीवर टाकणारं वाक्य मी काढलं. समितीत काय घडलं, कोण काय बोललं, ते माझ्या नावानिशी घातलं, खाली सही केली. समितीतलं बाहेर सांगणार नाही असं मी नोकरीत लिहून दिलेलं आहे, तेव्हा माझी पेन्शन कदाचित थांबेल. थांबू दे. खलाशांना न विचारताच स्वयंपाकघर कापलं, याला त्यावाचून दुसरा पुरावा नाही. अर्ज टपालपेटीत टाकायचा की चुलीत, ते तू ठरव. फक्त मला विचारायला येऊ नकोस. मी तुला पुन्हा काहीतरी सभ्य सांगेन.

'तुझी ताई' असं लिहायला हात धजत नाही.

बर्नाडेट त्से