नाल्याचा वास

६ जून

तीर्थरूप बाबांना सा. न. वि. वि.

पत्र रागात लिहिते आहे, अक्षर सांभाळून घ्या. आमच्या कारखान्यात अमाइन नावाच्या रसायनाची एक नळी गळते. गळलेलं सगळं भरणी-शेडच्या जमिनीखालच्या नाल्यात जातं. सडक्या मासळीसारखा वास येतो, शेडमध्ये ड्रम भरणाऱ्या बायकांचे डोळे चुरचुरतात. साहेबांनी नळी बदलली नाही, नाल्यात आम्ल ओतायला लावलं. आम्लाशी जुळलं की अमाइनचं मीठ होतं, ते हवेत उडत नाही, म्हणून वास बंद. पण संध्याकाळी ड्रम धुतल्याचं कॉस्टिक सोड्याचं पाणी त्याच नाल्यात सुटतं, आणि अमाइन पुन्हा मोकळं. बायका खोकत घरी जातात. सरकारी तपासनीस पुढच्या आठवड्यात येणार आहेत, तेही सकाळी, वास नसताना. 'गळती नाही' या अहवालावर मी, प्रयोगशाळेची बाई म्हणून, सही करायची म्हणे. नाही केली तर नोकरीचं बघू, असं साहेब गोड आवाजात म्हणाले. तपासनिसांना मी दाखवून दिलं, तर ती चहाडी होईल का?

आईला सगळं वाचून दाखवू नका.

तुमची,
शंकेखोर

१० जून

चि. शंकेखोरीस अनेक आशीर्वाद.

आईने पाकीट माझ्याआधी फोडलं. जेवली नाही, पण सही करू नको म्हणाली. मासळी साफ करून तू हाताला लिंबू चोळायचीस, आणि मग शहाणपणा करून धुण्याच्या सोड्याने हात धुवायचीस. वास परत आला की रडायचीस. तुझा रसायनशास्त्राचा पहिला धडा तो. चहाडी पाठीमागे होते. साहेबांना आधी तोंडावर सांग, मग कर.

जीव सांभाळ. आम्ही आहोत.

बाबा

१७ जून

ती. बाबांना सा. न. वि. वि.

आधी सांगितलं. साहेब हसले, मांजर म्याव करतं, चावत नाही, असं कारकुनाला म्हणाले. तपासनिसांनी नाला हुंगला, वास नाही म्हणून मान डोलावली. मी त्यांच्यासमोर नाल्याचं पाणी पेल्यात घेतलं आणि त्यात थोडं कॉस्टिक टाकलं. ते नाकाला रुमाल लावून मागे सरले. तर साहेब काय म्हणावेत? हा वास या मुलीनेच आत्ता तयार केला! माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी साध्या नळाच्या पाण्यात तेवढंच कॉस्टिक टाकून पेला पुढे केला, म्हटलं, यात मासळी शोधून दाखवा. साहेबांनी पेल्याकडे पाहिलंही नाही. मग भरणी-शेडच्या मुकादमबाई म्हणाल्या, ड्रम रोज संध्याकाळी धुतो, आज आत्ताच धुऊ. धुतले. जमिनीच्या फटींतून असा भपका आला की साहेबच सगळ्यांत आधी दाराबाहेर.

नळी बदलेपर्यंत शेड बंद आहे. मला बोलावणं येईपर्यंत घरी बसायला सांगितलंय; ते येईल असं वाटत नाही. निघण्यापूर्वी नवा अहवाल मीच लिहिला. 'गळती आहे.' खाली पूर्ण नावाने सही केली.

रविवारी येते. आईला म्हणावं, आता जेव.

राग माझा मला राहू द्या, लोभ तेवढा तुमचा असू द्या.

तुमची,
शंकेखोर