आता विश्वास बसला म्हणता

नळदुर्ग
ता. १२ मार्च १९७३

तीर्थस्वरूप महांतप्पा अण्णांस,

धाकट्या बहिणीचे, नीलम्माचे, शरणार्थ. आम्ही मायलेकी इथं बऱ्या आहोत. सडकेच्या कडेला एका धाब्यावर मी भाकरी थापते. ट्रकवाले जेवतात, म्हणून दुष्काळातही चूल पेटते. वहिनींना नमस्कार सांगा.

तुमचं पत्र पोचलं. तुमच्या बंडप्पासाठी माझ्या पार्वतीला मागणं घातलंत. भाचीच सून व्हावी ही आपल्यातली रीत, आणि तिच्या बापाचीही जाताना तीच इच्छा होती. पुढं लिहिलंत, झालं गेलं विसर, आता माझा तुझ्यावर विश्वास बसलाय.

कसा बसला तेही लिहिलंत. सोसायटीच्या निवडणुकीत तुम्ही एका मतानं पडलात. ते फिरलेलं मत आपलं स्वतःचंच होतं, असं तुमचा उजवा हात आबाराव परवा भांडणात बोलून गेला.

मी मात्र विसरलेली नाही. समोरच्या पॅनेलात माझा दीर होता, म्हणून तुमचा संशय माझ्यावर. मठात, गावासमोर, गळ्यातलं इष्टलिंग काढून तळहातावर घ्यायला लावलंत. जे आपण पूजेलाही पदराआड घेतो, ते. मी घेतलं, आणि मत अण्णालाच दिलं म्हणून सांगितलं. दिलंच होतं. अव्वा शेजारी बसली होती. ती तुम्हाला म्हणाली, "नंबु, महांता." खरं मान, एवढंच. आणि तुम्ही, जन्मभर आईशी कन्नडात बोललेले, गावाला कळावं म्हणून मराठीत म्हणालात, "शपथ घेतली खरी, पण माझा न्हाय बसत विश्वास."

केवढी सोय झाली तुमची. विश्वास बसत नाही म्हटलं की दोष विश्वासाचा, माणूस नामानिराळा. अव्वाच्या बोलीत ही पळवाट नाही. तिथं "ना नंबंगिल्ल" म्हणावं लागलं असतं. मी खरं मानणार नाही, असं स्वतःच्या तोंडानं, आईकडं बघून. ते तुमच्यानं झालं नसतं. मराठीला बोल लावत नाही मी. मराठीतही भरवसा धरता येतो, पण तो आपण धरावा लागतो.

मग तुम्ही चालवता त्या गुरांच्या छावणीत माझी बैलजोडी घेतली नाहीत. एक बैल दावणीला मेला, दुसरा कसायानं नेला. मी गाव सोडलं. अव्वा गेल्याचा निरोपही मला माती दिल्यावर आला. याचा राग आहे मला, अण्णा, आणि तो जाणार नाही.

बंडप्पा चांगला पोरगा आहे. पार्वतीचा जीव त्याच्यावर आहे, हेही मला ठाऊक आहे. तुमचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा ती हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही, नुसती रडली. नाही मी म्हणते आहे. उद्या तुमच्या घरात तिच्यावर आळ आला, तर तिनं हातात काय घ्यायचं? इष्टलिंगापेक्षा मोठं काही मी तिला देऊ शकत नाही, आणि ते तुम्हाला पुरत नाही. आबारावचा शब्द मात्र पुरला.

तेव्हा मुलगी देणार नाही. खरं वाटत नसेल तर आबारावला विचारा.

आपल्या अव्वाची, इरम्माची लेक,
नीलम्मा