पाठमोऱ्या खुर्च्या

अकोला,
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय दर्शू,

सलाम. तुझं पत्र शनिवारी मिळालं. मी बरी आहे, थंडीत गुडघा कुरकुरतो तेवढंच. भगवंतरावांचा खोकला कमी झाला का? त्यांना धुळीत उभं राहू देऊ नकोस, असं दरवर्षी लिहिते आणि तू दरवर्षी ऐकत नाहीस.

आज उगाच अमरावती आठवली. कॉन्व्हेंटच्या मागचा कट्टा, मधली सुट्टी आणि आपले सागरगोटे. एकदा डाव रंगात आला होता आणि दारात चेंगरलेलं माझ्या उजव्या हाताचं बोट ठणकायला लागलं. तू तिथल्या तिथे जाहीर केलंस, आता सगळ्यांनी डाव्या हाताने खेळायचं. पुढे असलेली मुलगी रडवेली होऊन उठून गेली. मी जिंकले, आणि पाचही सागरगोटे तू माझ्या खिशात टाकलेस. त्या दुपारी सिस्टरनी काय शिकवलं ते मला अजिबात आठवत नाही. खिशातले गोटे मात्र आठवतात. जड लागत होते.

तू लिहिलंस, "या वर्षी ढाल घरी येणार, ऐकून बरं वाटलं." तुझाही गुडघा दुखतो म्हणून तू रविवारी शर्यतीला आली नव्हतीस. भगवंतरावांनी अर्धंच सांगितलं असेल. बाकीचं मी सांगते.

रऊफनं नांदगाव खंडेश्वरच्या माळावर मोटारसायकलच्या शर्यती सुरू केल्या तेव्हा नियम एवढाच होता: हंगामात पाच शर्यती, पाचांचे गुण एकत्र, ज्याचे जास्त त्याची ढाल. तो गेला त्याच्या पुढच्याच आठवड्यात या हंगामाची पहिली शर्यत होती. भगवंतराव विचारायला आले होते, पुढे ढकलू का? मी दाराआडून सांगितलं, होऊ द्या. त्याला रद्द झालेल्या शर्यतीपेक्षा वाईट काही वाटत नसे. आमचा हसनैन गेला नाही, बापाची माती ओली होती. प्राजक्ता मात्र मला विचारायला आली. तीच, शेंदूरजनाघाटची संत्री पिकअपमधून बाजाराला नेते ती. म्हणाली, "काकू, काकांनी बांधलेली गाडी हाय. पळवू की उभी ठेवू?" मी म्हटलं, पळव. ती जिंकली.

तिसऱ्या शर्यतीनंतर भगवंतरावांच्या समितीचा निरोप आला. रऊफभाईंच्या दुखवट्याचा मान म्हणून पहिली शर्यत धरायची नाही. म्हणजे पुढे असलेली प्राजक्ता मागे, आणि आमचा हसनैन पुढे.

मग जे सुरू झालं ते तुला काय सांगू. फोन थांबेना. अमरावतीचे काही लोक म्हणत होते, माणसाचा मान राखला तर बिघडलं काय? बाकीचे म्हणत होते, नियम बदला, पण हंगाम संपल्यावर बदला. गंमत म्हणजे नियम आमच्या बाजूचा, तरी सगळ्यांत जास्त चिडली ती अकोल्याचीच मंडळी. असं जिंकलो तर वर्षभर तोंड लपवून फिरावं लागेल, असं गल्लीतले लोक मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलत होते. मी खिडकी लावून घेतली नाही.

इद्दतीचे चार महिने दहा दिवस संपल्यावर मी पहिल्यांदा घराबाहेर पडले ती रविवारी, चौथ्या शर्यतीला, त्या माळावर. तुला माहीत आहे, तिथे तिकीट नाही, जो तो आपली खुर्ची घरून आणतो. मला स्टेजवर पांढऱ्या चादरीच्या सोफ्यावर बसवलं होतं. गाड्या रांगेत लागल्या आणि भज्यांच्या गाडीवरच्या दुर्गाबाईनं आपली खुर्ची उचलून ट्रॅककडे पाठ करून ठेवली. भगवंतराव हात जोडून खाली गेले. ती बसल्या जागेवरून म्हणाली,

"साहेब, मेल्या माणसाच्या नावानं जित्या पोरीची शर्यत कावून खाता? आमी आज शर्यत ऐकू. पाहणार नाही."

मग शेजारची खुर्ची फिरली. मग तिच्या मागची. घोषणा नाहीत, शिट्ट्या नाहीत, नुसते खुर्च्यांचे पाय मुरमात घासल्याचे आवाज. थोड्या वेळाने आख्खा माळ आमच्याकडे पाठ करून बसला होता.

भगवंतराव वर आले, घाम पुसत माझ्याजवळ वाकले. "वहिनी, तुम्ही मनावर घेऊ नका. हे सगळं तर आम्ही..." आणि थांबले.

मी उठले आणि सोफा फिरवायला लागले. तो कुठला हलतो! दुर्गाबाई पदर खोचून स्टेजवर चढली. "सरका अम्मा, तुमच्यानं नाही होत ते." तिनं एक टोक धरलं, मी दुसरं. चादर खाली पडली, ती पडू दिली.

शर्यत सुरू झाली. गॅरेजच्या वर इतकी वर्षं संसार केलाय, मला आमच्या गाडीचा आवाज कळतो. पहिल्या फेरीत स्टेजसमोर तो आवाज एकदम पडला. हसनैननं माझी पाठ पाहिली होती. मग पुन्हा चढला, आणि शेवटपर्यंत चढताच राहिला. हसनैन पहिला आला, दर्शू. खराखुरा पहिला आला, आणि त्याच्या आईनं पाहिलं नाही. हे मला अजून गिळवत नाही.

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. घरात आम्ही उर्दू बोलतो, पण रागावला की तो वऱ्हाडीत येतो, अगदी बापासारखा. काल ताटावर बसून म्हणाला, "अम्मी, लोकायनं पाठ केली, समजलं मले. तू कावून केली?"

मी म्हटलं, तुझ्याकडे नाही केली. तुझ्या अब्बांचं नाव पुढे करून जे चाललं होतं त्याच्याकडे केली.

"मंग मले आधी सांगाचं होतं." ते खरंच होतं. मी त्याच्या ताटात भाकरी वाढली. मग तो म्हणाला, "मले प्राजक्ताले हरवाचं हाय. पण तिची शर्यत खोडून नाही." जुन्या हिशेबानं ती अजूनही थोडी पुढे आहे, हे त्याला माझ्याआधी ठाऊक होतं.

आता भगवंतरावांचं अर्धं राहिलेलं वाक्य. ते मी घरी येऊन पूर्ण केलं: तुमच्यासाठीच केलं. नियमाला हात लावणारा तो माणूसच नाही. रऊफच्या चाळिसाव्याला तू माझ्याजवळ बसली होतीस. हसनैन पहिल्यांदा शर्यतीत उतरला तेव्हा रऊफनं ढालीसाठी भिंतीत खिळा ठोकून ठेवला होता, त्या रिकाम्या खिळ्याकडे मी पाहत होते. आणि तू मला पाहत होतीस. हो ना? घरी जाऊन तूच सांगितलंस त्यांना.

नाही म्हणू नकोस. तुला वाटलं मला ती ढाल हवी आहे. हवीच आहे. आजही हवी आहे, रोज सकाळी डोळा उघडला की आधी तो खिळा दिसतो. पण तुझ्या मायेनं आलेली ढाल मी त्याच्यावर टांगणार नाही. नियम परत घेतला नाही तर शेवटच्या शर्यतीला मी घरून स्वतःची खुर्ची आणीन, दुर्गाबाईशेजारी पाठमोरी बसेन, आणि यंदा ढालीवर घातलेलं रऊफचं नाव काढून मागेन. भगवंतरावांना हे असंच वाचून दाखव, मऊ करू नकोस.

आणि नियम परत घेतला तर कुणाला काय द्यायचं तेही लिहून ठेवते. ढाल पाचही शर्यती धरून जो जिंकेल त्याला. प्राजक्ता जिंकली तर तिला मी स्वतः देईन, दोन्ही हातांनी. रऊफचं हेल्मेट हसनैनला, जिंको वा हरो. सुरुवातीचा झेंडा भगवंतरावांकडेच राहू दे, तेवढा सरळ हात दुसऱ्या कुणाचा नाही. स्टेजवरच्या सोफ्यावर दुर्गाबाईला बसवायचं, ट्रॅककडे तोंड करून.

पत्रासोबत एक पुडी आहे, ती तुला. पाचही आहेत, मोजून घे. माझं बोट केव्हाच बरं झालंय. तेवीस तारखेला लवकर ये, शर्यतीआधी तो डाव पुरा करू. उजव्या हातानं.

तुझ्यावर रागावलेली, आणि तुझीच,
गजाला